फोडणीचा ठसा

काल तुमच्या घरी आमटीला फोडणी दिली होती की नाही, हे मला मुंबईत बसून सांगता येत असे. फुशारकी मारत नाही. पगारच त्याचा मिळायचा.

पाइपचा गॅस गावोगाव पोचला आणि त्याच्यामागून नवे मीटर आले. जुन्या मीटरमधून महिन्याकाठी एक आकडा हाती यायचा. नव्या मीटरमध्ये फिरणारं चाक नाही की काटा नाही. नळीच्या दोन टोकांना दोन इवल्या चकत्या असतात आणि त्या वाहत्या गॅसमधून एकमेकींकडे आवाज पाठवतात, माणसाला ऐकू न येणारा. प्रवाहाबरोबर जाणारा आवाज किंचित लवकर पोचतो, प्रवाहाविरुद्ध जाणारा किंचित उशिरा. त्या फरकावरून या घडीला किती गॅस जळतोय ते कळतं. मीटर हे मोजमाप सेकंदाला कितीतरी वेळा करतो. हेतू चांगला होता. कुठे गळती झाली तर ताबडतोब समजावी, एवढाच.

पण इतकं बारीक मोजलं की गळतीबरोबर स्वयंपाकघरही दिसायला लागतं. कुकर म्हणजे मोठी आच, मग बारीक, मग बंद. भाकऱ्या थापणारी बाई गॅसची कळ सारखी वरखाली करते. दूध उतू गेलं की ज्योत विझते, तेही कळतं. आणि सगळ्यात सुबक ठसा फोडणीचा: लहान शेगडी, मोठी आच, जेमतेम तेल तापून मोहरी तडतडेपर्यंत, आणि खटकन बंद. हे ठसे ओळखायला मशीनला शिकवणाऱ्या मंडळींत मी होते. मी शर्वाणी भाटकर, मुक्काम मुंबई, मूळ गाव वेळशी, जिल्हा रत्नागिरी.

राष्ट्राध्यक्षांची निवड थेट जनतेनं करायची असं ठरल्यानंतरची ही दुसरी निवडणूक. अध्यक्ष देवव्रत सहाय पुन्हा उभे होते आणि त्यांच्या मानेवर लढाईचं जोखड होतं. दूर दक्षिणेला, समुद्राच्या तळाशी सूर्या नावाचं एक पठार आहे. त्यावर बॅटऱ्यांना लागणाऱ्या धातूंचे गोटे विखुरले आहेत. त्या गोट्यांवरून सुरू झालेली लढाई काही महिन्यांत संपणार होती. ती संपेना. ती कशासाठी चाललीय हे कुणाला सांगता येईना. आणि ती आवडत नाही असं उघड बोलायची मात्र कुणाची छाती होईना. फोनवर मत विचारणाऱ्यांना लोक छापील उत्तर द्यायचे, ‘आम्ही सैन्याच्या पाठीशी आहोत.’ असल्या उत्तरांवर प्रचार कसा करणार? म्हणून सहायांच्या प्रचारकचेरीनं आमचं मशीन भाड्यानं घेतलं. माणूस फोनवर खोटं बोलतो, शेगडीशी बोलत नाही, असा त्यांचा हिशेब. काळजीतलं घर खिचडी टाकतं आणि वारंवार चहा करतं. खुशीतलं घर तळण काढतं. अध्यक्षांचं भाषण झालं की कोणत्या गल्लीत काय शिजलं ते पाहून पुढचं भाषण लिहिलं जायचं. मशीनचं सरकारी नाव भलंमोठं होतं. आम्ही त्याला शेगडीच म्हणायचो.

आमचे प्रमुख सत्यजित मोघे. हुशार माणूस, बोलायला गोड. एके सकाळी ते माझ्या टेबलाशी आले ते हसतच.

“शर्वाणी, सगळ्या किनारपट्टीत सर्वात आनंदी गल्ली कुठली निघाली असेल, सांग बरं!”

“कुठली?”

“वेळशीची! तुझी गल्ली. बघ, चार घरांत रोज मोठमोठी पातेली चढतायत आणि मधलं घर बंद. म्हणजे त्या घरची माणसं शेजारी जेवतायत. सगळी गल्ली पंगतीला बसलीय! ही लढाई लोकांना डाचतेय म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मारायला याहून चांगलं काय हवं? अध्यक्ष तिथे जातील, एका नौसैनिकाच्या घरी चहा घेतील, थेट प्रक्षेपण. आणि ते मधलं घर कुणाचं आहे ठाऊक आहे? तुझ्या आईचं. भाऊ नौदलात, बहीण आपल्या कचेरीत. सोन्याहून पिवळं.”

ते गेल्यावर मी मशीनचा निष्कर्ष बाजूला सारून मीटरची मूळ रेघ उघडली. चार घरांतली पातेली खरीच मोठी होती. भात होता, पेज होती, कुळथाची पिठी असावी तसं काहीतरी मंद शिजत होतं. पण त्या मोठ्या पातेल्यांनंतर कुठेच फोडणीचा ठसा नव्हता. एकदाही नाही. आणि आमच्या घराची रेघ सरळ, तळाला टेकलेली.

मशीन शहरातल्या घरांवर शिकलं होतं. तिथे घरात कुणी गेलं की जेवणाचे डबे बाहेरून येतात. मोघ्यांच्या घरीही तसेच आले असणार. वेळशीत कुणी गेलं तर त्या घरात चूल पेटत नाही. चुली जाऊन गॅस आला तरी म्हणायचं चूलच. शेजारपाजारचे जेवण करून आणतात आणि त्या जेवणाला फोडणी देत नाहीत, तळण तर नाहीच. बिनफोडणीची मोठी पातेली आणि मध्ये एक गार घर, याचा अर्थ आमच्याकडच्या पोरालाही कळतो. कोट्यवधींचं मशीन त्याला पंगत समजून बसलं.

मी आईला फोन लावला.

“काय गो बाय? बरी हायस ना?”

“मी बरी आहे. तू जेवलीस?”

“हो, आत्ताच.”

“काय केलं होतंस?”

“भात केला. आणि बांगड्याचं कालवण.”

माझ्यासमोर तिच्या शेगडीची रेघ होती. त्या दिवशी, आदल्या दिवशी, त्याच्याही आधी, कशाचीच आच नाही. मी म्हटलं, “छान.” फोन ठेवला, बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. आईशिवाय त्या घरचं माणूस एकच, निनाद, आणि तो गेला होता. माझा धाकटा भाऊ गेला होता आणि हे मला आईनं नाही, शेगडीनं सांगितलं होतं.

कुणी विचारेल, सरकारनं कळवलं नव्हतं का? नव्हतं. सहायांनी निवडणुकीच्या तोंडावर मनोधैर्य अध्यादेश काढला होता. मतदान होईपर्यंत लढाईतला कुठलाही मृत्यू कुणीही जाहीर करायचा नाही, वर्तमानपत्रांनी नाही की घरच्यांनी नाही. केला तर तुरुंग. समुद्रात बुडालेल्याचा देह परत यायचा नसतो, त्यामुळे हे सोपंही होतं. घरी एवढंच कळवायचे की तुमचा मुलगा संपर्काबाहेर आहे.

अध्यक्षांच्या दौऱ्याआधी तयारीला कुणी जायचं, हा प्रश्न निघाला. मी म्हटलं, “घर माझंच आहे. मी बघते.” मोघ्यांना हायसं वाटलं.

वेळशीत पोचले तेव्हा आई मागच्या परड्यात बसून नारळाच्या झावळ्या विणत होती. ओट्यावर जुबेदाचाची होडेकर, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली, माझ्या जन्माआधीपासूनची शेजारीण. तिच्या हातात झाकलेलं पातेलं होतं. मला पाहून तिनं ते पदराआड घेतलं.

“लपवू नको, चाची,” मी म्हटलं. “त्यात पिठी आहे आणि तिला फोडणी नाही.”

आईचे हात थांबले. “तुला कुणी सांगितलान?”

“तू नाही सांगितलंस.” मला तिच्या गळ्यात पडायचं होतं, पण तोंडातून रागच बाहेर आला. “माझा भाऊ होता तो, आये! बांगड्याचं कालवण काय, छान काय! मी काय परकी?”

“तू त्यांच्यात हायस,” आई म्हणाली. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. “तुझ्या फोनवर कोण कोण कान लावून असतो, मला काय म्हायत? त्याच्याच बोटीवरचा एक पोरगा हात भाजून घरी आला. त्यानं येऊन सांगितलान. बोट जळाली, निनाद खालच्या मजल्यावर होता. त्या पोराचं नाव फुटलं तर त्याला आत टाकतील. माझा गेला तो गेला. दुसऱ्याचा कशाला घालवू?”

मग मी तिच्याजवळ खाली बसले आणि आम्ही दोघी रडलो. चाची उभीच राहून रडली, पातेलं हातात धरून.

डोळे पुसल्यावर मी अध्यक्षांचं सांगितलं. ते इथे येणार, आईच्या हातचा चहा पिणार, सगळा देश बघणार. “मी मोघ्यांना सांगते घर बदला म्हणून. काहीतरी कारण काढते. तुला ताप आहे असं सांगते.”

“नको.”

“आये, तुझ्या तोंडातून एक शब्द गेला ना, तर तिथल्या तिथे धरून नेतील तुला. प्रक्षेपणावर शब्दगाळणी बसवलीय. मृत्यू, शहीद, गेला, वारला, असला शब्द उमटला की चित्र आपोआप बंद पडतं आणि पोलिसांना निरोप जातो.”

“शब्द काय करायचा हाय?” आई म्हणाली. तिनं झावळी बाजूला ठेवली. “माझ्या पोराला ते जिता म्हणून मिरवतायत. त्याच्या नावानं पाणी सोडू देत नाहीत. आणि आता माझ्याच हातचा चहा पाहिजे त्यांना? येऊ दे. मी काय बोलायची नाय. चूल पण पेटवायची नाय. गॅस पेटवलाच पाहिजे असा कायदा हाय काय गो?”

नव्हता. मी मनातल्या मनात सगळे अध्यादेश धुंडाळले. असा कायदा कुणाला सुचलाच नव्हता.

माझी नोकरी जाणार हे उघड होतं. खटलाही होणार होता, कारण मला सगळं माहीत असताना मी गप्प राहणार होते. भीती वाटली, ती लपवत नाही. पण आईकडे बघितलं आणि मनात आलं, एवढा खटाटोप करून ज्यांनी माझ्या भावाला संपर्काबाहेर ठेवलं, त्यांच्यासाठी आणखी एक खोटं मी का बोलू? मोघ्यांना निरोप धाडला: घर तयार आहे.

अध्यक्ष आले ते भर सकाळी. गल्ली धुऊन काढलेली, दारात सुरक्षारक्षक, ओट्यावर कॅमेरे. शेजारच्या बाया आपापल्या दारात उभ्या होत्या. कुणी झेंडा हलवला नाही आणि कुणी घोषणाही दिली नाही. मोघे अंगणात कानाला यंत्र लावून उभे होते. मला अंगठा दाखवून हसले. मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले.

सहाय आत येऊन शेगडीसमोरच्या खुर्चीवर बसले. माणूस साठीपलीकडचा, बिहारच्या खेड्यात वाढलेला, मराठी बऱ्यापैकी बोलणारा. पडद्यावर दिसतो त्यापेक्षा थकलेला दिसला.

“उज्ज्वलाताई,” ते म्हणाले, “वीरमातेच्या हातचा चहा प्यायला आलोय. मिळेल ना?”

“नाय साहेब,” आई म्हणाली. “आमच्याकडे चूल पेटवलेली नाय.”

कॅमेऱ्यामागचा माणूस हसला. अंगणातून मोघ्यांचा उत्साही आवाज आला, “गॅस संपला की काय?”

“पाइपचा गॅस संपतोय कसला?” आई म्हणाली.

तेवढ्यात बाजूच्या दारातून जुबेदाचाची आली. कुणाकडे न बघता तिनं झाकलेलं पातेलं आईच्या समोर ठेवलं. “पेज आणलीय, उज्ज्वला. खाऊन घे थोडी.” झाकण काढलं. पांढरी पेज, वर काही नाही.

सहायांनी पातेल्याकडे पाहिलं. मग गार शेगडीकडे. मग दारादारांतून आत बघणाऱ्या बायांकडे. त्या खोलीत आमच्याशिवाय आणखी एका माणसाला ते कळलं आणि तो माणूस देशाचा अध्यक्ष होता. त्यांच्या गावीही चूल अशीच बंद राहत असणार. त्यांच्या चेहऱ्यावरून भाषण उतरलं. हलक्या आवाजात, कॅमेरा आहे हे विसरून, त्यांनी विचारलं, “किती दिवस झाले?”

आईनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. “ते तुम्ही सांगायचं, साहेब. आम्हाला कागद आलेला नाय.”

चित्र बंद पडलं नाही. गाळणीनं एकेक शब्द तपासला होता. चूल, गॅस, पेज, दिवस, कागद. यातला एकही बंदीच्या यादीत नव्हता. सहाय उठले, हात जोडले आणि बाहेर पडले. तेही सगळ्यांनी पाहिलं. मोघे मला विचारत होते, “काय झालं? चहा का नाही घेतला?” त्यांना खरंच कळलं नव्हतं. देशाला मात्र कळलं होतं.

दुपारी पोलीस आले. आईला समोर बसवून त्यांनी चित्रण पुन्हा पुन्हा लावलं. “तुम्ही यात काय सांगताय, बाई?”

“ऐकलंत ना? चहा नाय म्हटलं.”

फौजदार आमच्याच जिल्ह्यातला होता. तो टोपी हातात घेऊन, पाणीसुद्धा न मागता निघून गेला. मृताच्या घरी पाणी मागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला कचेरीत परत बोलावून घेतलं. काढून टाकायला बोलावलं असेल म्हणून मी सामानाची पिशवीच घेऊन गेले. पण मोघ्यांना वेगळीच चिंता लागली होती. संध्याकाळ झालेली, स्वयंपाकाची वेळ. भिंतीएवढ्या पडद्यावर देशाचा नकाशा होता आणि एरवी या वेळी त्यावर ठिपक्यांची गर्दी उसळते, एकेक ठिपका म्हणजे एकेक पेटलेली शेगडी. वेळशीच्या जागी काळोख होता. किनाऱ्यानं वर-खाली तो पसरत चालला होता. घाट ओलांडून तो साताऱ्याकडे गेला, कोल्हापुरात गेला. मुंबईतले ठिपके विरळ होत होते. पार पलीकडे पाटण्याच्या आसपास एक मोठा काळा डाग पडला होता.

कुणी हाक दिली नव्हती, पत्रक काढलं नव्हतं. बाया एकमेकींना फोन करून एवढंच म्हणत होत्या, “आमच्याकडे आज चूल नाही.” त्यांच्यापैकी कितींच्या घरचं कुणी लढाईवर होतं? फार थोड्यांच्या. बाकीचे आमच्या सुतकात सामील झाले होते. लोकांनी पोहे भिजवून खाल्ले, केळी खाल्ली आणि शेगड्या पुसून ठेवल्या.

मशीननं खाली निष्कर्ष दिला होता: घरे बंद, कुटुंबे बाहेरगावी.

“निम्मा देश बाहेरगावी गेला?” मोघे ओरडले. “मीटर बिघडलेत. शर्वाणी, हे तुझं काम, दुरुस्त कर.”

“मीटर उत्तम चाललेत, सर. लोक घरीच आहेत.”

“मग करतायत काय?”

“माझ्या भावाचं सुतक पाळतायत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर एकामागून एक गोष्टी उमटत गेल्या, पातेली, पंगत, पेज, आणि शेवटी आपण अध्यक्षांना कुठे नेऊन बसवलं ते. मला वाटलं, आता तोंड सोडतील. पण ते सावकाश पडद्याकडे वळले आणि त्यांनी पुण्यातला एक पत्ता शोधला. स्वतःच्या घराचा. रेघ तळाला टेकलेली होती. त्यांनी फोन लावला. समोरचा आवाज मला ऐकू येत होता.

“आज जेवायला काय केलंयस गं?”

“काही नाही,” त्यांची बायको म्हणाली. “आणि तुम्ही घरी आलात तरी काही मिळणार नाही.”

मोघ्यांनी फोन खाली ठेवला. मी पिशवी उचलली. मला कुणी अडवलं नाही.

पुढचे काही दिवस तो काळोख रोज संध्याकाळी परत येत राहिला. प्रचाराच्या सभा होत होत्या, पण सभेत बोलायला सहायांकडे काही उरलं नव्हतं. त्यांनी लढाई हा शब्द काढला की समोरच्या बाया उठून चालू लागायच्या. विरोधी उमेदवार सरोजा नाचियार एकाच वाक्यावर प्रचार करत होत्या, ‘आधी नावं सांगा.’ शेवटी अध्यादेश मागे घेतला गेला आणि नावं जाहीर झाली. ती वाचता वाचता वृत्तनिवेदकाला सकाळची दुपार झाली. निनाद उज्ज्वला भाटकर हे नाव मी वेळशीच्या ओट्यावर, आईच्या शेजारी बसून ऐकलं. कागद घेऊन नौदलाचा अधिकारी आला. आईनं तो मला वाचायला लावला, पुन्हा वाचायला लावला, मग कपाळाला लावला.

त्यानंतर आम्ही निनादच्या नावानं समुद्रात पाणी सोडलं. सगळी गल्ली आली होती.

हे लिहितेय तो मतदानाचा दिवस आहे. निकाल काय लागायचा तो लागेल. माझ्यावरचा खटला अजून उभा आहे आणि नोकरी नाही. सकाळी आई रांगेत पहिली जाऊन मत देऊन आली. सुतक फिटलं होतं, म्हणून येताना बंदरावरून बांगडे घेतले. तिनं शेगडी पुसली, जुबेदाचाचीला हाक मारली आणि काडी तिच्या हातात दिली, कारण इतके दिवस तिनं हे घर जेवतं ठेवलं होतं. चाचीनं शेगडी पेटवली. कालवण शिजल्यावर आईनं पळीत तेल तापवलं, लसूण ठेचून टाकला आणि ती फोडणी कालवणावर ओतली. चर्रकन आवाज घरभर झाला. आम्ही तिघी डोळ्यांत पाणी घेऊन त्या कालवणाकडे बघत राहिलो.

मग आईनं भिंतीवरच्या मीटरकडे पाहिलं.

“घे म्हणावं आता लिहून,” ती म्हणाली.